होडीची छत्री

मित्रांनो, मी कॅनव्हासचा एक जुना तुकडा आहे. तळहाताहून थोडा मोठा असेन. आता मला सगळे 'कार्ड' म्हणतात, कारण मला एका जाड, मधे घडी घातलेल्या कागदावर चिकटवलं आहे. माझ्या अंगावर रंग, दोरा, मणी, वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरं असा सगळा बाजार मांडला आहे. कोपरे झिजलेत, अर्धे मणी गळून गेलेत. खरं सांगायचं तर हल्ली बोलायचाही कंटाळा येतो. पण समोर बसून ऐकून घेणारं कुणी रोज भेटत नाही, म्हणून सांगतो.

जन्मलो तेव्हा मी तुकडा नव्हतो. चांगला ऐसपैस होतो. जाडंभरडं सुती कापड, लाकडी चौकटीवर ताणून मागून खिळे ठोकलेलं. ताणताना इतकं ओढलं होतं की बोटाने टिचकी मारली तरी मी दणकन वाजायचो. मग पांढऱ्या लेपाचे हात सुरू झाले. लेप वाळला की घासायचा, घासून झाला की पुन्हा लेप. एवढी मेहनत चालली आहे म्हणजे आपल्यावर कुणीतरी मोठं चित्र काढणार, अशी माझी पक्की समजूत झाली. तरुणपणी होतं असं.

मला विकत घेतलं ते पेंटरकाकांनी. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे हो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या. काका खालच्या पाट्या करायचे आणि त्यांचा जोडीदार लंबू शिडीवर चढून उंचावरच्या. पट्टी न लावता सरळ रेघ ओढावी तर काकांनीच, असं त्या धंद्यातले लोक म्हणायचे. काका श्वास रोखून हात फिरवायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ अशी जायची की बघणाराही श्वास सोडायचा विसरे.

मला घरी आणलं तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "हे आणि कशाला? घरात आपल्यालाच जागा नाही."

"पाट्या पुष्कळ झाल्या. एक चित्र काढणार आहे. आपलं स्वतःचं."

"कधी?"

"जरा सवड मिळू दे गं."

मित्रांनो, ती सवड मिळेपर्यंत मी कपाटामागे उभा राहिलो. किती वर्षं ते मोजलं नाही. मोजून करणार काय? काका रोज सकाळी ब्रश घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी बोटांना रॉकेलचा वास घेऊन परत येत. जेवता जेवता पेंगत. मधूनच कधीतरी कपाटामागे हात घालून माझ्या कडेवरची धूळ पुसत आणि म्हणत, "आहेस ना?" नसेन कसा? मी जाणार होतो कुठे? माझा लेप पिवळट पडला. कोळ्याने एका कोपऱ्यात संसार थाटला. सुरुवातीला मी रोज वाट पाहायचो. नंतर वाट पाहायचं सोडून दिलं आणि मग जरा बरं वाटू लागलं.

सवड मिळाली ती मात्र कुणालाही मिळू नये अशी. एके दिवशी काका पाटी रंगवता रंगवता खाली बसले ते उठलेच नाहीत. लंबूने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. ज्या हाताने सरळ रेघा ओढल्या तो हात मांडीवर पडून राहू लागला. काका खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि त्या हाताकडे बघायचेसुद्धा नाहीत. लंबू दोनदा आला, दाराशी उभा राहिला, डोळे पुसले आणि मग यायचाच बंद झाला. काकांना तो दादा म्हणायचा. दादांना असं बसलेलं मला बघवत नाही, असं तो खाली कुणाला तरी म्हणाला म्हणे.

व्यायाम करून घ्यायला एक ताई येत. बोलायला गोड पण कामाला कडक. एकदा जाताना दारात त्यांनी काकूंना हळूच सांगितलं, "काकू, शरीर अजून ऐकतंय. आत्ता हलवलं तर हलेल. आत्ता बसून राहिले, तर मग काका कायमचे बसतील. डाव्या हाताला काहीतरी काम द्या आणि काहीही करून त्यांना खुर्चीतून उठवा. मी हात धरून उठवण्यात काही अर्थ नाही. त्यांचं त्यांना उठावंसं वाटलं पाहिजे."

काकूंनी मान डोलावली. मग आत येऊन सरळ कपाटामागे हात घातला आणि मला ओढून काढलं. म्हणजे बघा, इतकी वर्षं ज्या मुहूर्ताची वाट पाहिली तो असा आला.

काकांना चौकटीसमोर उभं राहता येत नव्हतं, म्हणून मला जेवणाच्या टेबलावर आडवं घातलं. एका बाजूला काका, समोरच्या बाजूला काकू. काकूंचाही एक उद्योग होता. त्या हाताने कार्डं बनवायच्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवायला द्यायच्या. जुनी बटणं, झालर, मणी, पारदर्शक कागद, पाकिटांवरची तिकिटं, रंगीत दोरे, काय वाट्टेल ते त्यांच्या डब्यात असायचं. आपला डबा उघडून त्या समोर बसत. काकांवर नजर आहे असं वाटू नये म्हणून मान खाली घालून कात्री चालवत, आणि भुवईखालून सगळं बघत.

काका डाव्या हाताने ब्रश धरायला शिकले. धरायला म्हणजे नुसतं धरायला हं. तो हात बिचारा आयुष्यभर रंगाचा डबा धरण्यापलीकडे काही शिकलाच नव्हता. रंग सांडायचा, ब्रश निसटायचा, काका दात-ओठ खायचे. पण काही दिवसांनी माझ्या अर्ध्या अंगावर निळा रंग चढला. साधा निळा नव्हे, त्यात काकांनी किंचित काळा आणि कणभर हिरवा मिसळला होता. उरलेल्या अर्ध्यावर फिकट पिवळा. आणि दोन्हीच्या सीमेवर लाल रंगाचा एक अर्धगोल आकार.

"काय काढताय?" काकूंनी एकदा विचारलं.

"काही नाही. डाग," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. शहाण्या आहेत त्या, पण तिथे विचारायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं.

मग एके सकाळी काकांनी श्वास रोखला. मी ओळखलं, आता रेघ येणार. ब्रश लाल आकारावर टेकला, सरकला, आणि थरथरत वाकडा गेला. गांडूळ चालल्यासारखी रेघ आली. काकांनी चिंधीने ती पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा गांडूळ. पुसून पुसून तिथे नुसता राखाडी डाग राहिला. काकांनी ब्रश भिंतीवर फेकून मारला.

"फेकून दे हे! आजच्या आज फेक. पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर नको."

त्या दिवसापासून त्यांनी ब्रशला हात लावला नाही. व्यायामालाही हात-पाय उचलेनात. ताई आल्या की डोळे मिटून घेत. काकू चहाचा कप आणून देत, तो उजवीकडे ठेवला तर थंड होऊन जाई, पण काका मागत नसत. घर असं गप्प झालं की मला कपाटामागचे दिवस बरे वाटू लागले.

आता तुम्हीच सांगा, काकूंनी काय करावं? मला फेकायला त्यांचा हात धजेना. नवऱ्याने झटापट करून काढलेलं ते, कचऱ्यात कसं टाकणार? आणि ठेवावं तर काका रोज विचारत, "फेकलंस ना?" काकू "हो" म्हणत आणि शिलाई मशीनमागे मला आणखी आत ढकलत. शेवटी त्यांनी ठरवलं, याची कार्डं करायची. घरातूनही जाईल आणि कचऱ्यातही जाणार नाही. कुणाच्या ना कुणाच्या घरात जपून ठेवलं जाईल.

मित्रांनो, कापलं जाणं ही काही सुखाची गोष्ट नाही. आधी खिळे उपटले, मग मला पालथं घातलं. रंगावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून खुणा नेहमी पाठीवर करतात. धारदार पातं लोखंडी पट्टीच्या कडेने फिरलं आणि माझे तुकडे झाले. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता निळा आला किंवा नुसता पिवळा. लाल आकार तेवढा काकूंनी सबंध ठेवला, मधोमध. तो माझ्या वाट्याला आला.

पुढचं कामही काही हळुवार नव्हतं. माझ्या कडांचे धागे छाटले, घासकागदाने कोपरे घासले. रंगाचा थर जाड असला की सुई आत जात नाही. म्हणून काकूंनी आधी दाभणाने भोकं पाडली आणि मग काळ्या दोऱ्याने टीप घातली. त्या राखाडी डागावरून एक सरळ उभा दांडा, आणि टोकाला छोटीशी मूठ वळवलेली. निळ्या भागात बारीक पांढरे मणी शिवले. पाठीला डिंक फासून मला जाड कागदावर बसवलं आणि वर थंड इस्त्री ठेवून रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी खाली अक्षरं चिकटवली, 'लवकर बरे व्हा'. काकूंनी मला हातभर लांब धरून पाहिलं. वर निळं भरून आलेलं आभाळ, त्यातून पडणारे मणी, आणि खाली लाल छत्री. फार छान दिसत होतं ते. त्यांनी पदराच्या टोकाने डोळे टिपले आणि मला दुकानात देऊन आल्या.

दुकानातही मी बराच काळ तिष्ठलो. लोक मला उचलत, उलटसुलट करत आणि परत ठेवत. कुणी म्हणे फार जड आहे, कुणी म्हणे पाकिटात मावणार नाही. उन्हाने माझा पिवळा रंग आणखी फिका झाला. मग एके दिवशी एका लांबलचक हाताने मला उचललं. हातावर रंगाचे डाग होते. तो हात मी ओळखला नसता तरच नवल. लंबू होता तो.

मित्रांनो, हा मला कुठे नेणार हे उघडच होतं.

दार काकूंनी उघडलं. लंबूला बघून त्यांना आधी बरं वाटलं. मग नजर त्याच्या हाताकडे गेली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"वहिनी, रागावलात ना? मला माहीत आहे. इतके दिवस आलो नाही," लंबू म्हणाला.

"अरे ते नाही," काकू कुजबुजल्या. "ते कार्ड माझ्याकडे दे आधी."

"छे छे, हे दादांच्या हातात द्यायचंय," असं म्हणत लंबू आत आलासुद्धा. उंच माणसं अशीच, एका ढांगेत खोली ओलांडतात. "दादा, कसे आहात? हे बघा, काय आणलंय."

काकांनी मला डाव्या हातात घेतलं. आधी उगाच, समोरच्याचं मन राखावं म्हणून. मग त्यांचा अंगठा माझ्या निळ्यावरून फिरला आणि थांबला. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं.

"हा निळा माझा आहे," काका म्हणाले.

"म्हणजे?" लंबूला काही उमगेना.

"तुला नाही, हिला म्हणतोय. तू फेकलंस म्हणाली होतीस."

काकूंच्या हातात पुसायचं फडकं होतं. ते त्या पिळू लागल्या. "नाही फेकवलं मला."

"म्हणून दुकानात मांडलंस? माझी फजिती सगळ्या गल्लीला दाखवलीस?" काकांचा आवाज चिरकला. आजारपणानंतर ते एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते.

लंबू बिचारा मधल्या मधे सापडला. "दादा, फजिती कसली? मला ही छत्री आवडली, म्हणून घेतलं."

"छत्री?" काका म्हणाले. "कुठली छत्री?"

"ही काय, लाल."

"छत्री कुठून आली? होडी आहे ती!" काका ओरडले. "होडी! उलटी धरली आहेस, गाढवा! निळं आहे ते पाणी आहे. पाणी खाली असतं की वर असतं? आयुष्यभर माझ्याबरोबर रंग कालवलेस आणि एवढं कळत नाही?" आणि त्यांनी मनगट वळवून मला उलटं केलं.

मीसुद्धा दचकलो. तोपर्यंत मलाही आपण छत्रीच आहोत असं वाटायला लागलं होतं.

काकू हळूच म्हणाल्या, "पण तुम्ही तर डाग म्हणाला होतात."

माणूस डागासाठी एवढा भांडत नाही, हे काकांचं काकांनाच कळलं असावं. त्यांनी विचारलं, "आणि तुला छत्री दिसली?"

"मी तुमच्या समोर बसत होते ना. मला माझ्या बाजूने छत्रीच दिसायची. रोज वाटायचं, किती छान छत्री काढताहेत. दांडा तेवढा राहिलाय. म्हणून मी शिवला."

काका पुन्हा माझ्याकडे बघू लागले. उलटा धरल्यामुळे तो काळा दांडा आता होडीतून वर निघाला होता, थेट फिकट आभाळात. सरळ. ज्या जागेवर दोन वेळा रेघ वाकडी गेली आणि पुसली गेली, नेमका तिथून. काकांनी त्या टिपेवरून बोट फिरवलं, खालून वर, हळूहळू.

"ही डोलकाठी आहे," ते म्हणाले. "मला जमत नव्हती ती ही."

आणि ते रडले, मित्रांनो. लंबूसमोर, खुर्चीत बसल्या बसल्या, लहान मुलासारखे. काकू येऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याही रडल्या. लंबू आधीपासूनच रडत होता, त्याचं काही विशेष नाही. मग काकांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "टोकाला ही मूठ कशाला वळवलीस? डोलकाठीला कधी मूठ असते का?" काकू म्हणाल्या, "झेंडा समजा." "आणि ही अक्षरं बघ, अंतर कसं टाकलंय. 'बरे' आणि 'व्हा' एकमेकांच्या अंगावर पडताहेत." "मग तुम्ही लिहा," काकू म्हणाल्या. असे त्या घरात कितीतरी दिवसांनी दोघं भांडले. मला फार बरं वाटलं.

जाताना लंबूने मला समोरच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. माझी घडी पुस्तकासारखी बाजूला आहे, त्यामुळे मी कसाही उभा राहतो. त्याने आपलं मला अक्षरं वाचता येतील असं ठेवलं आणि तो निघून गेला. काका खुर्चीतून बघत राहिले. थोडं चुळबुळले.

"अगं, ते सुलटं कर. होडी पालथी झालीय."

"माझे हात साबणाचे आहेत," काकूंनी मोरीतून सांगितलं.

"मग धुऊन ये."

"अजून भांडी पडली आहेत ढीगभर."

काकांनी थोडा वेळ दम धरला. मला ते सहन होत नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. शेवटी त्यांनी डाव्या हाताने काठी ओढली, खुर्चीच्या हातावर भार टाकला, तोंडाने काहीतरी पुटपुटले आणि उभे राहिले. कुणी हात धरला नव्हता. पाय फरफटत, भिंतीला टेकत, मधे एकदा थांबून, ते फळीपर्यंत आले. मला उचललं आणि उलटं ठेवलं. 'लवकर बरे व्हा' डोक्यावर उभं राहिलं आणि होडी पाण्यावर आली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, तर काकू मोरीच्या दारात उभ्या होत्या. हात कोरडे होते. तोंडावर पदर दाबून त्या नुसत्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी पुसताना काकूंनी मला पुन्हा छत्री केलं.

आणि तेव्हापासून हेच चाललंय. सकाळी काकू येतात, फडकं मारतात, मला फिरवतात आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने आत जातात. काका "पुन्हा पालथी घातलीस होडी!" म्हणत उठतात आणि मला सुलटं करतात. दुपारी ताई येतात, त्याही जाता जाता मला हळूच फिरवतात. लंबू आठवड्यातून एकदा येतो, तो तर विसराळूपणाने खरंच अक्षरं वर करून ठेवतो. काका पुन्हा उठतात. यातली गोम काकांना कळत नसेल असं मला वाटत नाही. पण ते कधी बोलले नाहीत आणि काकूंनीही कधी विषय काढला नाही. हल्ली त्यांची काठी दाराशी पडलेली असते. टेबलावर एक नवा पुठ्ठा आडवा आहे आणि काकूंची खुर्ची काकांनी समोरून उचलून आपल्या शेजारी घेतली आहे. त्यावर काय काढलंय ते मला फळीवरून दिसत नाही.

माझं मात्र आता वय झालं. फिरवून फिरवून घडीला चीर गेली आहे. मणी फळीवरून घरंगळतात आणि काकू ते केरात शोधत बसतात. एक दिवस मधूनच फाटेन, असं वाटतं. कधी कधी मनात येतं, कुणीतरी मला एखाद्या पुस्तकात ठेवून द्यावं. नुसतं पडून राहावं, कुणी हात लावू नये. वस्तूंची काळजी घ्या, त्यांना जपून हाताळा, असं तुम्हाला सांगण्याचा मला हक्क आहे आणि मी ते सांगणारही होतो.

पण राहू द्या. मित्रांनो, पुन्हा कधी या घरी आलात तर काका खुर्चीत आहेत ना ते आधी बघा. असले तर फळीपाशी जा, मला उचला आणि अक्षरं वर करून ठेवा. माझा विचार करू नका. मग जरा बाजूला सरा आणि त्यांना यायला वाट द्या.